गाडी घूं घूं करते तेव्हा



पंख्याचं बेअरिंग गेलं की शेजारच्या खोलीतूनही तुम्हाला कळतं. मिक्सर नुसताच फिरतोय की वाटतोय, हे ओट्याकडे पाठ असताना तुम्ही सांगता. घरघंटीत दळण अडकलं तर आवाजावरूनच धावत जाता. मग गाडीत बसल्यावर हा कान कुठे जातो हो? तिथे काही घुमायला लागलं की आपण नुसतं "काहीतरी आवाज येतोय" एवढंच म्हणतो आणि पुढचं सगळं दुसऱ्यावर सोपवून मोकळ्या होतो.

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे रत्नागिरीच्या एका वाचक भगिनीचं पत्र. तिचे यजमान जहाजावर असतात, सहा-सहा महिने घरी नसतात. घरी सासूबाई, दोन शाळकरी मुलं आणि वापरलेली घेतलेली एक ऑटोमॅटिक गाडी. बाजारहाट, दवाखाना, आंबा घाटापलीकडचं माहेर, सगळं तीच करते. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी ताशी पन्नासच्या पुढे गेली की आत भुंगा अडकल्यासारखी घूं घूं करते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी आवाज थांबत नाही. गॅरेजवाल्याने गाडी एकदा फिरवून आणली आणि निकाल दिला: गिअरबॉक्स गेला, उतरवून कोल्हापूरला पाठवावा लागेल. वर "साहेब आले की त्यांच्याशी बोलतो" हेही ऐकवलं. खर्चाचा आकडा ऐकून बाई हबकली. तिचा प्रश्न एवढाच आहे, की गिअरबॉक्सच गेलाय हे खरं कशावरून?

प्रश्न अगदी योग्य आहे. गाडी ऑटोमॅटिक आहे म्हटलं की प्रत्येक आवाजाचं खापर गिअरबॉक्सवर फोडायची रीतच पडली आहे. चाकाचं बेअरिंग बदलायचं तर खर्च हजारांत होतो, पण आख्खा गिअरबॉक्स बदलायचा तर तो लाखाच्या घरात जाऊ शकतो. तेव्हा पेटी उघडायच्या आधी आवाज कुठला ते ठरवायला हवं. आणि ते ठरवायला पाना-पक्कड लागत नाही. आवाज कोणाच्या मागे जातो, इंजिनाच्या, चाकांच्या की रस्त्याच्या, एवढंच पाहायचं.

त्यासाठी पाच परीक्षा सांगते. सकाळी रस्ता मोकळा असताना करा. शेजारी कुणीतरी जाणतं माणूस बसवा आणि वही त्याच्या हातात द्या. रेडिओ बंद, काचा आधी वर, मग खाली.

पहिली परीक्षा, उभ्या गाडीची. गाडी मोकळ्या अंगणात लावा, बंद पडवीत नको. तिथे धूर कोंडतो आणि तो विषारी असतो. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा. दांडी 'पी'वर असू द्या, आणि गाडीला 'पी' नसेल तर 'एन'वर. आता हलकेच रेस करा. तोच आवाज इथेही आला तर चाकं सुटली, कारण ती फिरतच नाहीत. मग एसी बंद करून पाहा. आवाज थांबला तर दोष एसीच्या कॉम्प्रेसरकडे. नाही थांबला तर इंजिनाचे पट्टे, पुल्या, पंखा, सायलेन्सर यांच्याकडे बघायला सांगा. काही ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्समधला तेलाचा पंपही इंजिनाबरोबर फिरतो, तेव्हा बारीक शीळ घातल्यासारखा आवाज रेसबरोबर चढत असेल तर गिअरबॉक्सचं तेल कमी झालंय का, हेही तपासायला हवं. आपल्या खाऱ्या हवेत सायलेन्सरवरचे पत्रे लवकर गंजतात आणि थरथरू लागतात. कित्येकदा 'गिअरबॉक्सचा आवाज' तो हाच निघतो.

दुसरी परीक्षा रस्त्याची. रत्नागिरीकरांना ही फारच सोयीची. गावातला डांबरी रस्ता आणि हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्गाचा सिमेंट काँक्रीटचा पट्टा, दोन्हीवर एकाच वेगाने चालवून पाहा. काँक्रीटवर आवाज वाढतो आणि चांगल्या डांबरावर मऊ होतो, तर तो टायरचा. गिअरबॉक्सला खालचा रस्ता कसला आहे हे काय कळणार! गाडी उभी करून, इंजिन बंद करून टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, किंवा हाताला उंचसखल जाणवलं, तर टायर वेडावाकडा झिजलाय. हवा बरोबर भरणं, अलाइनमेंट करून घेणं आणि साधारण दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे घालणं, हा त्यावरचा उपाय. गाडी कित्येक दिवस एकाच जागी उभी राहिली की टायर खालून थोडे चपटतात. मग सुरुवातीला धप्‌-धप्‌ ऐकू येतं, पण चार-पाच किलोमीटरमध्ये टायर तापले की बहुधा थांबतं. त्याने घाबरू नका.

तिसरी परीक्षा पायाची. सपाट रस्त्यावर वेग पन्नासवर स्थिर ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय अलगद उचला. त्याच क्षणी आवाजाचा सूर बदलला, म्हणजे पायाखाली एक आणि पाय उचलल्यावर दुसरा, तर संशय इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल यांच्यावर; कारण भार उतरल्याचं त्यांनाच कळतं. पाय उचलूनही आवाज तस्साच राहिला आणि गाडी मंदावेल तसा हळूहळू उतरला, तर संशय चाकांवर. आपल्या रत्नागिरीच्या भगिनीने पत्रात ही गोष्ट सहज लिहून टाकली आहे, पण सगळ्या पत्रात मोलाचं वाक्य तेच!

चौथी परीक्षा गिअरची. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत दांडी 'एम', 'एस' किंवा 'एल'वर नेऊन खालचा गिअर घेता येतो. वेग तोच ठेवून एक गिअर खाली आणा. इंजिन जोरात फिरेल, चाकं तेवढीच फिरतील. आवाज इंजिनाबरोबर वर चढला तर तो इंजिनाच्या बाजूचा, जिथल्या तिथे राहिला तर चाकाच्या बाजूचा. काही जण यासाठी चालती गाडी 'एन'वर टाकायला सांगतात. ते करू नका. रस्त्यावर गाडी मोकळी सोडणं धोक्याचं, आणि काही गिअरबॉक्सनाही ते मानवत नाही.

पाचवी परीक्षा वळणाची. कोकणात वळणं शोधायला जावं लागत नाही. मुद्दाम गाडी नागमोडी चालवायचं काम नाही. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना कमी झाला, तर बहुधा उजव्या बाजूचं एखादं बेअरिंग गेलेलं असतं. उलट असेल तर डाव्या बाजूचं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. साचलेल्या पाण्यातून गाडी वारंवार गेली की बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत शिरतं, ग्रीस खराब होतं, मग गंज, आणि मग ही घूं घूं. पावसाळ्यानंतर आवाज सुरू झाला, पाय उचलूनही तसाच राहतो, या दोन गोष्टी जोडल्या तर मी आधी चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून बघायला सांगेन. चाक फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवला तर खराब बेअरिंगची खरखर हाताला जाणवते. आणि बेअरिंग निघालं तर चालढकल नको. ते तापतं, चाकाला खेळ येतो, आणि तशी गाडी घेऊन घाटात जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता समजा, पाचही परीक्षांनंतर बोट गिअरबॉक्सकडेच गेलं. मग आपली ऑटोमॅटिक कुठल्या जातीची, ते गाडीच्या पुस्तकात पाहा. मुख्य तीन जाती आहेत.

पहिली एएमटी. हिच्यात गिअरबॉक्स आपला नेहमीचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ ही सोय घेऊन आली आणि क्लचविना गाडी बेताच्या किमतीत मिळू लागली. हिच्यात एखाद्याच गिअरमध्ये गुणगुण येत असेल तर त्या गिअरचे दाते किंवा आतलं बेअरिंग पाहावं लागतं. चढावर ब्रेक न लावता नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. क्लच जळतो आणि वास सुटतो.

दुसरी सीव्हीटी. हिच्यात गिअरचे दाते बदलत नाहीत. दोन पुल्यांवर एक पट्टा असतो आणि पुल्या रुंद-अरुंद होतात. तुमच्यापैकी अनेकींनी याच कुळातली गाडी आधीच चालवली आहे! १९८४ साली आलेली बिनगिअरची कायनेटिक होंडा आठवा, किंवा आजची कुठलीही बिनगिअरची स्कूटर घ्या. स्कूटरमध्ये पट्टा रबरी असतो, मोटारीत पोलादी. ही गाडी चढावर जोरात घुमते, इंजिनाचा सूर एका पट्टीत लागतो आणि वेग मागून येतो. हा तिचा स्वभाव आहे, रोग नव्हे. पण हिचं तेल हिचंच असावं लागतं. कंपनीने सांगितलेल्या तेलाऐवजी दुसरं कुठलं घातलं तर पट्टा आणि पुल्या कायमच्या बिघडू शकतात.

तिसरी टॉर्क कन्व्हर्टरची. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल असतं, एवढाच फरक. अशी गाडी पन्नास-साठच्या वेगाला, पाय हलका असताना, एकापाठोपाठ एक बारीक गतिरोधक ओलांडल्यासारखी थरथरली, तर अनेकदा तेल जुनं झालेलं असतं. ते वेळेवर बदलल्याने पुष्कळदा काम भागतं.

तीन्हींसाठी एक घरगुती उपाय: रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी तेलाचा डाग दिसला तर कुठल्या जागी, कसल्या रंगाचा, ते पाहून ठेवा. एसीतून पडणारं स्वच्छ पाणी त्यात धरू नका. तेल काळं झालं असेल आणि करपल्यासारखा वास येत असेल, तर मात्र गाडी फार फिरवू नका.

आणि एक आवाज असा, की जो ऐकू आला तर समाधान मानायचं. आंबा घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिन मोठ्याने घुमतं. इंजिन तेव्हा गाडीला मागे ओढून धरत असतं आणि ब्रेकचा भार हलका करत असतं. हा आवाज ऐकून घाबरून दांडी 'एन'वर टाकाल तर ही मदत जाईल, सगळा भार ब्रेकवर पडेल, ते तापतील आणि ऐन वळणावर धरणार नाहीत. उतारावर आवाज मोठा चालेल, पण ब्रेक थंड हवेत. घरातल्या शिकाऊ मुलामुलींनाही हे सांगून ठेवा.

गॅरेजमध्ये जाताना वहीतलं पान सोबत न्या. त्यावर एवढंच असावं: आवाज किती वेगाला सुरू होतो, उभ्या गाडीत येतो का, रस्ता बदलला तर बदलतो का, पाय उचलला, गिअर उतरवला तर काय होतं, कुठल्या वळणाला वाढतो. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर आवाज टिपला असेल तर तोही ऐकवा. मग मिस्त्रींना शेजारी बसवून, गाडी तुम्हीच चालवून तो आवाज काढून दाखवा. "काहीतरी घुमतंय" म्हणणाऱ्या बाईला साहेबांना घेऊन यायला सांगता येतं. "पन्नासला सुरू होतो, पाय उचलला तरी राहतो, डाव्या वळणाला वाढतो" असं सांगणाऱ्या बाईला तसं सांगायची छाती सहसा होत नाही. चांगला मिस्त्री तर खूश होतो, त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

तरीही तो गिअरबॉक्सच म्हणाला, तर कुठल्या परीक्षेवरून म्हणतो ते विचारा, आणि टायर व बेअरिंग तपासल्याचं बिलावर लिहून घ्या. समाधान झालं नाही तर दुसऱ्याला दाखवा. एकदा उघडलेली पेटी पुन्हा बंद करायला पैसे पडतात; विचारायला पडत नाहीत.