फंक म्हणजे उथळ जॅझ नव्हे

जॅझ ऐकायचं आणि फंकवर नाचायचं, अशी वाटणी अनेक रसिकांनी मनाशी पक्की करून ठेवलेली असते. जॅझ शिकलेला वादक फंककडे वळला की तो पोटासाठी एक पायरी खाली उतरला, हा तिच्यामागचा न बोललेला निवाडा. २०२१ साली निधन पावलेले अमेरिकी सॅक्सोफोनवादक पी वी एलिस यांची कारकीर्द हा निवाडा मोडीत काढते. १९४१ साली फ्लोरिडात जन्मलेल्या एलिस यांनी किशोरवयातच सनी रोलिन्स यांच्यासारख्या दिग्गजाकडे जॅझचे धडे घेतले. १९६५ साली ते फंक गायक जेम्स ब्राउन यांच्या ताफ्यात आले आणि पुढे त्याचे संगीत संयोजक झाले. शिकलेलं जॅझ त्यांनी तिथे बाजूला ठेवलं नाही, उलट कामाला लावलं.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे १९६७चं 'कोल्ड स्वेट'. ब्राउन यांनी तोंडाने सुचवलेल्या बेसच्या चालीवर एलिस यांनी हे गाणं बांधलं. जॅझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या 'सो व्हॉट'मध्ये बेसला फुंकवाद्यं दोन स्वरांत उत्तर देतात. त्याच कल्पनेवरून आपण या गाण्यातली फुंकवाद्यं रचली, असं एलिस सांगत. मात्र इथे ते दोन स्वर ठेक्याचा भाग होतात. गाण्यात रंग भरणारी वाद्यं तालवाद्यांसारखी वागू लागतात. ड्रम, बेस आणि गिटार एकमेकांनी सोडलेल्या जागा भरतात आणि सगळे मिळून पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपल्या भाषेत समेवर, येऊन आदळतात.

यावर पहिला आक्षेप असा की, बहुतेक गाणं एकाच कॉर्डवर घोळत राहतं, मग त्यात विद्वत्ता कसली? पण 'सो व्हॉट'ही जेमतेम दोन कॉर्डवर उभं आहे आणि त्याला आपण गहन म्हणतो. एका षड्जाच्या आधारावर तासभर राग ऐकणाऱ्या श्रोत्यांनी तरी संगीताची खोली कॉर्ड मोजून ठरवू नये. पर्याय कमी केले की प्रत्येक स्वराची वेळ आणि वजन उघडं पडतं. चूक लपवायला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे सारं ब्राउन यांचं, एलिस फक्त हुकूम पाळणारे. ब्राउन यांची लयीची जाण आणि ताफ्यावरची जरब नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्याशिवाय हे गाणं झालंच नसतं. परंतु 'कोल्ड स्वेट'चं श्रेय अधिकृतरीत्या दोघांच्या नावावर आहे आणि १९६८च्या 'से इट लाउड'चंही. शिवाय १९६९मध्ये ब्राउन यांना सोडल्यावर एलिस यांची कला आटली नाही. पुढे त्यांनी व्हॅन मॉरिसन या आयरिश गायकासाठी फुंकवाद्यांची रचना केली, तीही तितकीच नेटकी. दोन इतक्या वेगळ्या गायकांना पुरून उरणारं कसब उसनं असू शकत नाही.

तेव्हा जॅझचा वादक फंकमध्ये गेला की त्याने काय सोडलं याचा हिशेब मांडण्याआधी तिथे त्याने काय घडवलं हे पाहावं. पायांना थिरकायला लावणाऱ्या संगीतामागे बुद्धी कमी लागते, हा समज ऐकणाऱ्याच्या आळसातून येतो.