सरकारी मदत म्हणजे भरपाई नव्हे



समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ 1 जुलै 2023 रोजी खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले. राज्य सरकारने वारसांना पाच लाख जाहीर केले, तिथे विषय संपला, असे मागील अंकातील पत्रलेखकांना वाटते. तसे मुळीच नाही. ती मदत सरकारच्या मर्जीची; भरपाई मात्र हक्काची.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 नुसार, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. चालकाचा हलगर्जीपणा दाखवता आला, तर कलम 166 खाली रक्कम कितीतरी वाढू शकते. तिथे मृताचे वय, कमाई, अवलंबून असलेली माणसे, सारे मोजले जाते. घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमांनाही मोल द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ते पुन्हा ठणकावले. बस एसटीची असेल तर दावा महामंडळावर.

अपघातस्थळी खेटे घालण्याचीही गरज नाही, दावेदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो. मात्र 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. दुःखात बुडालेल्या घराला हे वेळेत कोण सांगणार? गावातल्या कोणीतरी त्यांना तालुका विधी सेवा समितीपर्यंत नेलेच पाहिजे.

— एक वाचक