बाणांचा भाता

मराठीच्या प्राध्यापकाला घरात फारशी किंमत नसते; पण एखादा शब्द अडला की त्याची आठवण होते. परवा आमच्या कन्येला असाच एक शब्द अडला. ती गणितात एम.एस्सी. करते. तिने मराठी सोडून गणित घेतले तेव्हा मी 'बरे' एवढेच म्हणालो होतो आणि पुढे तीन वर्षांत तिच्या अभ्यासाविषयी एक प्रश्नही विचारला नव्हता.

"बाबा, बाण ठेवतात त्याला मराठीत काय म्हणतात? मला एका व्याख्यानासाठी हवंय."

"तूणीर," मी रुबाबात म्हणालो. तिचा चेहरा पडला. "किंवा भाता. पण लोहाराचाही भाताच असतो, हं!"

तिने कागदावर टिंबे काढून ती बाणांनी जोडली. एवढाच हा भाता. पिएर गाब्रिएल या गणितज्ञाने त्याला जर्मनमध्ये याच अर्थाचे नाव दिले. प्रत्येक टिंबावर रेषा, प्रतल असा एखादा सदिश अवकाश ठेवायचा. बाण म्हणजे एका अवकाशातून दुसऱ्यात नेणारे रेषीय रूपांतर. मग ही मांडणी सोडवीत न फुटणाऱ्या तुकड्यांपर्यंत जायचे. कोणत्याही वाटेने जा, शेवटी तुकडे तेच निघतात! समासाच्या विग्रहावरून परीक्षकांशी भांडण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या मला हेवा वाटला.

"असे निरनिराळे तुकडे किती?"

"मधल्या टिंबाकडे तीन टिंबांपासून तीन बाण आले, तर १२. बाण उलटे फिरवले तरी १२च."

"आणि चौथा आणला तर?"

"अनंत!"

मी चमकलो. प्रतलात एका बिंदूतून जाणाऱ्या तीन भिन्न रेषा तशाच दुसऱ्या कोणत्याही तिहींवर बसवता येतात. चौथी आली की एक गुणोत्तर उरते, ते काही केल्या बदलत नाही, आणि अशी गुणोत्तरे अनंत. तुकडे मोजता येतील असे अखंड भाते कोणते, हे गाब्रिएलने १९७२ मध्ये सिद्ध केले : सरळ साखळी, टोकाशी दोन फाटे फुटलेली साखळी, आणि तीन अपवादात्मक आकार. बस्स.

तिने वहीत 'भाता' लिहिले. पोरीने भाषा सोडली, असे मी तीन वर्षे धरून चाललो होतो. ती शेजारच्या खोलीत विग्रहच करीत बसली होती; विचारायचे मीच राहिलो होतो.

व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. कुणी लोहाराचा भाता काढलाच, तर उत्तर द्यायला घरचे माणूस हवे!