तीनशे पन्नासची रेघ: मोटरसायकल नेमकी कोण घडवते?

१/
मधल्या वजनगटातली, चपळ आणि तरीही परवडणारी मोटरसायकल कशी जन्माला आली, असे विचारले की उत्तर बहुधा ठरलेले असते: कुणा अभियंत्याचा ध्यास, कुणा उद्योगपतीचे धाडस, तरुणांचे वेगाचे वेड. हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. या गाडीचा आकार मुख्यतः कायद्याने आणि कराने ठरवला. आज भारतात तोच कर या गाडीच्या मुळावर आला आहे. थ्रेड दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ‘सीसी’ म्हणजे पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरमध्ये व्यापतो ते घनफळ. ते दोन मापांवर ठरते: सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक. सीसी म्हणजे शक्ती नव्हे, वेग नव्हे, किंमत तर मुळीच नव्हे. मात्र ते मोजायला सोपे आणि लपवायला अवघड असते. म्हणूनच जगभरच्या सरकारांना हा आकडा आवडत आला आहे.

३/
पहिला पुरावा जपानचा. होंडाने १९७४ च्या अखेरीस ‘सीबी ४०० फोर’ आणली. चार सिलिंडर, एका बाजूला वळत गेलेले चार एक्झॉस्ट पाइप, मधला आकार, आवाक्यातली किंमत. इंजिन ४०८ सीसी. पुढच्याच वर्षी जपानने वाहन परवान्याचे नियम बदलले आणि मधल्या परवान्याची मर्यादा ४०० सीसी ठरवली. त्यावरच्या गाड्यांसाठी वेगळी आणि अतिशय कठीण परीक्षा द्यावी लागे.

४/
होंडाने काय केले? १९७६ मध्ये देशांतर्गत बाजारासाठी स्ट्रोक ५० मिलिमीटरवरून ४८.८ वर आणला. अवघा १.२ मिलिमीटरचा फरक. इंजिन ३९८ सीसीचे झाले आणि गाडी कायद्याच्या कुंपणाच्या आत आली. हा १.२ मिलिमीटर कोणत्या अभियंत्याच्या स्वप्नातून आला? तो आला सरकारी अधिसूचनेतून.

५/
पुढची वीस वर्षे जपानी कंपन्यांनी आपले उत्तमोत्तम तंत्र या ४०० सीसीच्या चौकटीत ओतले, कारण तिथला बहुसंख्य तरुण त्याच चौकटीत अडकलेला होता. १९९६ मध्ये मोठ्या गाडीचा परवाना ड्रायव्हिंग स्कूलमधून मिळू लागला आणि कोंडी फुटली. आकडा मात्र मागे उरला. आजही बाजारात ३९८, ३९९ असे आकडे दिसतात, त्यांच्यामागे १९७५ च्या त्या रेघेची सावली आहे.

६/
दुसरा पुरावा ब्रिटनचा. १९६१ पासून तिथे शिकाऊ चालकाला २५० सीसीपर्यंतच परवानगी होती. परिणामी शिकाऊ मुलांसाठी, पण शर्यतीच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या २५० सीसी गाड्यांची एक पिढीच निर्माण झाली. रॉयल एन्फिल्डची १९६० च्या दशकातली ‘कॉन्टिनेंटल जीटी’ त्यांपैकीच. आज जिला आपण ‘कॅफे रेसर संस्कृतीचे प्रतीक’ म्हणून डोक्यावर घेतो, तिची इंजिनक्षमता शिकाऊ परवान्याने ठरवली होती.

७/
तिसरा पुरावा इटलीचा, आणि आपल्यासाठी सर्वांत बोलका. तिथे एकेकाळी ३५० सीसीवरच्या मोटरसायकलींवर चढा मूल्यवर्धित कर होता. म्हणून मोटो गुझीने १९७७ मध्ये एकाच घडणीच्या दोन गाड्या आणल्या: ४९० सीसीची ‘व्ही ५०’ आणि ३४६ सीसीची ‘व्ही ३५’. धाकटी गाडी बरीचशी तीच, फक्त शक्ती कमी. कर वाचला, इंजिन दुबळे झाले. ३५० हा आकडा लक्षात ठेवा.

८/
आता भारत. आपल्याकडे ‘परवाना’ हा शब्द चालकाआधी कारखान्याला लागला. १९५१ च्या औद्योगिक विकास आणि नियमन कायद्याने काय आणि किती बनवायचे, हे सरकारच्या परवानगीवर अवलंबून ठेवले. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत राहत, ही आठवण पुणे-मुंबईच्या घराघरांत आजही सांगितली जाते. ज्या व्यवस्थेत साध्या स्कूटरची रांग संपत नव्हती, तिथे चपळ मोटरसायकलचा स्वतंत्र वर्ग कुठून उगवणार?

९/
‘वेड हवे, मग गाडी आपोआप येते’ असे म्हणणाऱ्यांनी राजदूत ३५० चे उदाहरण तपासावे. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या तंत्रावर १९८३ मध्ये ती आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी. त्या काळच्या भारतीय रस्त्यावर तिला तोड नव्हती. तरीही ती बाजारात टिकली नाही. किंमत जास्त, पेट्रोलची भूक प्रचंड, सुटे भाग दुर्मीळ. तिचे वेड लोकांना लागले, पण तिला रस्त्यावर ठेवणारी अर्थव्यवस्था तेव्हा नव्हती. आज तिच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांनी हा भाग वगळू नये.

१०/
खरा बदल १९९१ नंतरचा. जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांची परवाना पद्धत मोडीत काढली. १९९९ मध्ये हिरो होंडाची ‘सीबीझेड’ आली, २००१ च्या अखेरीस बजाजची ‘पल्सर’ १५० आणि १८० सीसीत आली. पुणे-चाकण पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे घट्ट झाले. स्वस्त आणि वेगवान गाडी बनवण्याची क्षमता प्रथम या जाळ्यात आली. तिला ब्रँडचे नाव नंतर चिकटले.

११/
२००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये सुमारे साडेचौदा टक्के हिस्सा घेतला आणि पुढे तो वाढवत नेला. २०११ मध्ये चाकणमध्ये बनलेली ‘ड्यूक १२५’ युरोपात विकली जाऊ लागली. तिचे १२५ सीसीच का? कारण युरोपातल्या ‘ए१’ परवान्याची मर्यादा तीच आहे: १२५ सीसी आणि ११ किलोवॅट. चाकणच्या जुळणी-पट्ट्यावर युरोपीय परवान्याची मोजपट्टी येऊन पोहोचली होती.

१२/
मग २०१३ मध्ये ‘ड्यूक ३९०’ आली. बोअर ८९, स्ट्रोक ६०, एकच सिलिंडर, ३७३ सीसी, सुमारे ४३ अश्वशक्ती, कोरडे वजन १३९ किलो. दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत १ लाख ८० हजार. त्याच वर्षीच्या जानेवारीत युरोपात ‘ए२’ परवान्याची मर्यादा ३५ किलोवॅट झाली होती. ड्यूकची शक्ती ३२ किलोवॅट. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

१३/
हिचे आकर्षण नेमके कशात होते? ती हलकी होती. तिची जाळीदार फ्रेम उघडी दिसत असे, म्हणजे यंत्र लपवलेले नव्हते. सोमवारी हिंजवडीच्या कोंडीतून ऑफिस गाठता येई आणि शनिवारी त्याच गाडीवर ताम्हिणी उतरता येई. आणि मुख्य म्हणजे नोकरीला लागलेल्या मुलाला ती कर्जाच्या हप्त्यांवर परवडत होती. त्याआधी एवढी शक्ती हवी तर कित्येक पट पैसे मोजावे लागत.

१४/
युरोपात जी गाडी नवशिक्याची, ती इथे स्वप्नातली ठरली. ‘मिडलवेट’ ही नैसर्गिक वर्गवारी नाही, हे यावरून कळावे. जिथे १०० ते १२५ सीसी हाच सर्वसामान्यांचा आकडा आहे, तिथे ३७३ सीसी मधली नव्हे, मोठीच गाडी वाटते. पश्चिमेत मधला वर्ग ६०० च्या आसपास सुरू होतो. मध्य कुठे आहे, हे त्या त्या समाजाची मिळकत आणि कायदा मिळून ठरवतात.

१५/
त्यानंतर ही वाट रुंदावत गेली. बजाजची ‘डॉमिनार ४००’ २०१६ मध्ये, रॉयल एन्फिल्डची ‘इंटरसेप्टर ६५०’ २०१८ मध्ये, ट्रायम्फ आणि बजाज यांची ‘स्पीड ४००’ २०२३ मध्ये, ‘पल्सर एनएस४००झेड’ २०२४ मध्ये १ लाख ८५ हजारांत. इंटरसेप्टरची शक्तीही पाहा: ४७ अश्वशक्ती, म्हणजे जवळजवळ नेमकी ३५ किलोवॅट. परवडणारी मिडलवेट गाडी जगाला पुरवण्यात भारत आज आघाडीवर आहे. हे यश खरे आहे आणि कष्टाने मिळवलेले आहे.

१६/
आणि नेमक्या याच गाडीवर आता चैनीचा शिक्का बसला आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा ३५० सीसीवरच्या मोटरसायकलींना २८ टक्के कर आणि वर ३ टक्के अधिभार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यावर थेट ४० टक्के. पूर्वीचे अंतर ३ टक्क्यांचे होते, आताचे २२ टक्क्यांचे आहे. ४० टक्क्यांच्या त्याच रांगेत साखर घातलेली फसफसती पेये बसली आहेत.

१७/
या रेघेचा तर्क तपासू.
चैन म्हणावी, तर त्याच दिवशी १२०० सीसीपर्यंतच्या, चार मीटरच्या आतल्या पेट्रोल मोटारी १८ टक्क्यांत आल्या. म्हणजे पाच-सात लाखांची मोटार ही गरज आणि दोन लाखांची मोटरसायकल ही चैन.
शक्ती म्हणावी, तर यामाहाची ३२१ सीसीची ‘आर३’ सुमारे ४२ अश्वशक्तीची आहे. परदेशातून आयात होणारी ही गाडी पल्सर ४०० पेक्षा पुष्कळ महाग, तरीही जीएसटी १८ टक्के. चाकणची ४० अश्वशक्तीची ३७३ सीसी गाडी मात्र ४० टक्क्यांत.

१८/
‘अशा गाड्यांवर मुले मरतात’ हा आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावता कामा नये. पण कर कुणाला गाडी चालवायला शिकवत नाही. जपान आणि युरोपने आकड्यांची रेघ ओढली ती मुख्यतः परवान्यात: आधी लहान गाडी, अनुभव, परीक्षा, मग मोठी. आपल्याकडे १०० सीसीच्या गाडीवर परीक्षा दिलेला अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी १००० सीसीची गाडी कायदेशीररीत्या चालवू शकतो. गिअरच्या मोटरसायकलचा परवाना एकच. सुरक्षिततेची काळजी असती, तर रेघ तिथे दिसली असती.

१९/
दुसरा आक्षेप: ‘हे कारखानदारांचे रडगाणे आहे.’ सर्व दुचाकींना सरसकट १८ टक्के लावा, अशी जाहीर मागणी रॉयल एन्फिल्डच्या सिद्धार्थ लाल यांनी केली होती आणि त्यात त्यांचा व्यवसाय आहे, हे उघड आहे. पण त्याच कंपनीच्या सर्वाधिक खपाच्या गाड्या ३४९ सीसीच्या आहेत, त्यांना या रेघेचा फायदाच झाला. कारखानदार तरून जाईल. निवड हरवते ती ग्राहकाची.

२०/
पुढे काय घडू शकते, हे इटली आणि जपानने आधीच दाखवले आहे. गणित सोपे आहे: ८९ मिलिमीटर बोअर आणि ६४ मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे ३९८ सीसी. स्ट्रोक ५६ केला की ३४८. आठ मिलिमीटर धातू कमी, बावीस टक्के कर कमी. गाडी सुधारणार नाही, सुरक्षित होणार नाही, फक्त कागदावर ‘सामान्य’ होईल. जगाच्या बाजारासाठी एक इंजिन आणि आपल्या तरुणांसाठी त्याचे छाटलेले रूप, अशी विभागणी आपण स्वतःहून का ओढवून घ्यावी?

२१/
मागणी मोठी नाही. कर लावायचाच तर तो किमतीवर लावा. धोका मोजायचा तर किलोवॅटमध्ये मोजा आणि त्याची पायरी परवान्यात घाला. घनफळ मोजायला सोपे आहे, एवढ्याच कारणासाठी त्याला चैनीचे माप मानू नका.

२२/
इतिहासप्रेमी मित्रांना एक विनंती. जकातीच्या नोंदींतून आपण जुना व्यापार वाचतो, नाण्याच्या वजनावरून राज्याची आर्थिक स्थिती ताडतो. तीच नजर आपल्या काळातल्या वस्तूंकडे वळवा. पुढच्या वेळी शोरूममध्ये ३४९ किंवा ३९८ हा आकडा दिसला की सेल्समनला मायलेज विचारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा आकडा कोणी ठरवला, आणि त्या वेळी आपल्याला कोणी विचारले होते का?

थ्रेड समाप्त. असहमती असेल तर आकड्यांसह मांडा, स्वागत आहे.