सहा दिवसांची मैत्री

‘श्रद्धा खासगी ठेव’ हे माझ्या सेक्युलर मित्रांचं आवडतं वाक्य. मी कॅथलिक, रविवारी मिस्साला जाणारा. हेच मित्र जात, राजकारण, पगार यांवर तासन्‌तास भांडतात. मग देवाचा विषय निघाला की मीच गप्प का बसायचं?

आमच्या वर्ध्यात हे कधीच करून झालंय. १९४४ साली आंध्रातले निरीश्वरवादी गोरा गांधींना भेटायला सेवाग्रामला आले. जिथे रोज प्रार्थना होई, त्याच आश्रमात बसून त्यांनी देव नाकारण्याची कारणं सांगितली. गांधींनी ती ऐकली, उलट प्रश्न विचारले. मतं जुळली नाहीत, स्नेह मात्र वाढला. गांधींच्या हत्येनंतर, १९४८ मध्ये, गोरांच्या मुलीचं आंतरजातीय लग्न त्याच आश्रमात लागलं.

येशू मेलेल्यांतून उठला असं मी मानतो म्हटलं, की ‘इंजिनिअर असून?’ असं विचारतात. जरूर विचारा, पण उत्तर ऐकायला थांबा. मी सांगितलं म्हणून तुमचं धर्मांतर होत नाही, तुम्ही नाही म्हणालात म्हणून माझा अपमान होत नाही. माझा रविवार वगळून होणारी मैत्री सहा दिवसांचीच.