एकच नाव, दोन माणसे

यादीत एखादे नाव दोनदा आढळले की ते खोडावयास आपण तत्काळ सरसावतो. संगणकाने तर हे काम फारच सुलभ केले आहे. एक्सेलमध्ये नावांचा रकाना निवडावा. ‘होम’मधील ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’, त्यात ‘हायलाइट सेल्स रूल्स’ व पुढे ‘ड्युप्लिकेट व्हॅल्यूज’ घ्यावे. द्विरुक्त नावे, पहिलेही आणि दुसरेही, रंगून निघतात.

परंतु रंग सांगतो ते अक्षरे सारखी असल्याचे. माणूस एकच असल्याचे नव्हे. पेणकर, नवगावकर, केहीमकर अशी आपली गावांवरून पडलेली आडनावे. एका आडनावाचे दोन दाविद सहज निघावेत. उलट ‘शमुएल’ व ‘सॅम्युएल’ असा दोनदा लिहिला गेलेला एकच गृहस्थ बिनरंगी निसटतो!

कुवेतमध्ये माणसाची ओळख नागरी क्रमांकावर ठेवली आहे. त्याच्या १२ अंकांपैकी पहिला शतकाचा, पुढील ६ जन्मतारखेचे. नामसाम्य कितीही असो, क्रमांक निराळा. आपल्या मंडळाच्या यादीसाठी ओळखपत्राचे क्रमांक मागणे मला प्रशस्त वाटत नाही, जन्मतारीख पुरे. नाव व जन्मतारीख शेजारच्या रकान्यात जोडावीत (तेथे तारखेऐवजी नुसता आकडा दिसेल, गोंधळू नये) आणि रंगाचा नियम त्या रकान्यास लावावा. शुद्धलेखनाच्या फरकाने निसटलेली नावे मात्र वडीलधाऱ्यांच्याच नजरेस पडतील.

‘रिमूव्ह ड्युप्लिकेट्स’ ही आज्ञा पहिली ओळ ठेवून बाकीच्या पुसून टाकते. तिला नुसत्या नावांच्या रकान्यावर कधीही सोडू नये. जिचे नाव पुसले जाईल त्या आजीबाईंना पेसाहचे निमंत्रण जाणार नाही, आणि त्या तक्रारही करावयाच्या नाहीत.