जीर्णोद्धार कीं रंगसफेती?

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करूं इच्छिणाऱ्यास दोनच मार्ग मोकळे असतात. मूळचे दगड आहेत तसे राखून पडझड तेवढी सांवरावी, किंवा सर्व उतरवून नव्या विचारानें नवें मंदिर उभारावें. पहिल्यास नम्रता लागते, दुसऱ्यास प्रतिभा. परंतु जुन्याच भिंतींवर रंगाचा एक हात फिरवून दाराशीं नव्या दराचें तिकीट लावणें हा जो तिसरा मार्ग अलीकडे रूढ झाला आहे, त्यास जीर्णोद्धार म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं. कॅपकॉम या जपानी कंपनीनें २०१७ च्या मे महिन्यांत निन्टेंडो स्विच या यंत्रासाठीं काढलेली ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर टू’ ही आवृत्ति या तिसऱ्या मार्गाचा ठळक मासला होय.

व्हिडिओ गेमसारख्या विषयास या पृष्ठांत जागा कशाला, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्या कृतीनें एका पिढीच्या बाळपणाचा मोठा भाग व्यापला, ती चर्चेस अपात्र ठरविणें हा विवेक नव्हे, नुसतें सोंवळें होय. मूळ ‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१ सालीं नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांतून प्रकट झाला. निवडीस आठ योद्धे, हातीं एक दांडी आणि सहा बटणें, तीन ठोशांचीं व तीन लाथांचीं, एवढ्या सामग्रीवर त्यानें द्वंद्वयुद्धाच्या खेळाचें व्याकरणच बांधलें. एका प्रहारास दुसरा प्रहार जोडण्याची युक्ति निर्मात्यांच्या योजनेंत नव्हती, ती अनायासें खेळांत शिरली. परंतु तिचें मोल ओळखून त्यांनीं ती राहूं दिली. रसिकता म्हणतात ती हीच. पुढें १९९२ सालीं हा खेळ सुपर निन्टेंडोवरून घरोघरीं गेला व त्याच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. हातपाय हवे तितके लांबविणारा व मुखांतून ज्वाला सोडणारा धालसिम नांवाचा योगी त्यांत आपल्या देशाचा प्रतिनिधि होता. त्यास योगशास्त्राचा आधार किती, हा प्रश्न निराळा!

आतां कंपनीचा कैवारी म्हणेल, ‘मूळ खेळाच्याही सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्याच होत्या, मग या एकीवरच रोष कां?’ आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरांतच सर्व मर्म आहे. १९९२ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत चार प्रतिनायक खेळणाऱ्याच्या स्वाधीन झाले. त्यानंतरचींत गति वाढली. १९९३ सालीं चार नवे योद्धे आले. १९९४ सालीं निर्वाणीच्या अस्त्राची भर पडली. प्रत्येक वेळीं खेळ कांहीं तरी नवें शिकला. २०१७ च्या आवृत्तींत मात्र नवे म्हणून मिरविणारे योद्धे दोन; आणि ते कोण? जुन्याच र्‍यू व केन यांचे क्रुद्ध अवतार, तेही इतर खेळांतून उसने आणलेले.

चित्रांचें पाहूं. नवीं म्हणून दाखविलेलीं रेखीव चित्रें मुख्यतः २००८ सालच्या एका आवृत्तीसाठीं काढलेलीं आहेत. त्यांत आकृति नव्यानें रेखिल्या, पण हालचालींच्या पायऱ्या जुन्या तितक्याच ठेवल्या. ठिपक्यांच्या ओबडधोबड चित्रांत पायऱ्यांमधली उणीव डोळा आपण होऊन भरून काढीत असे. स्वच्छ रेषेंत तीच उणीव उघडी पडते व योद्धा कळसूत्री बाहुलीसारखा हलतो. जुनीं चित्रें निवडण्याची सोय ठेविली आहे व हजारांवर चित्रांचा संग्रहही जोडला आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. परंतु ज्या नवेपणास टाळणें हाच त्याचा उत्तम उपयोग, त्या नवेपणाची किंमत ग्राहकानें कां मोजावी?

तिसरा दोष हाताचा. या खेळांतील पुष्कळ अस्त्रें दांडी पाव किंवा अर्धवर्तुळांत फिरविल्यानें सुटतात. स्विचच्या डाव्या हातांतील जॉय-कॉनवर दिशांसाठीं चार सुटीं बटणें आहेत. त्यांवरून अंगठा सलग फिरत नाहीं. ज्यास वेगळें साधन विकत घ्यावयाचें नाहीं, त्यास आपलाच हात परका वाटतो. भरीस भर म्हणून ‘वे ऑफ द हाडो’ नांवाचा एक प्रकार जोडला आहे. त्यांत खेळणाऱ्यानें र्‍यू होऊन हवेंत हात झाडावयाचे व समोरून येणाऱ्या शिपायांवर ज्योत फेंकावयाची. यंत्र एका हावभावाचा दुसराच अर्थ करतें, आणि दहा मिनिटांत मनुष्य दमतो. मूळ खेळाचा प्राण अचूकपणा. त्याच्याच अंगणांत हा अंदाधुंदीचा तमाशा!

आणि या सर्वाची किंमत? अमेरिकेंत सुमारे ४० डॉलर. प्रती पुष्कळ खपल्या व कंपनी प्रसन्न झाली, असा शेवटचा बचाव होईल. परंतु खपावरून फार तर लोकांचें मूळ कृतीवरील प्रेम सिद्ध होतें, आवृत्तीचा गुण नव्हे. बापानें आपल्या बाळपणाचा ठेवा म्हणून जी वस्तु मुलाच्या हातीं दिली, ती पाहून मुलानें ‘यांत तुम्हांला काय आवडत होतें?’ असें विचारावें, ही हानि कोणत्याही खपाच्या आंकड्यांत दिसत नाहीं. शिवाय पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०१८ च्या मे महिन्यांत, त्याच कंपनीनें त्याच यंत्रावर व त्याच किंमतींत या घराण्याचे बारा मूळ खेळ एकत्र दिले. त्यांत ‘स्ट्रीट फायटर टू’च्याच पांच जुन्या आवृत्त्या होत्या. एकाच्या दामांत बारा देतां येत होते, तर आदल्या वर्षींचा सौदा काय होता, हें आम्हीं सांगावयास नको.

शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि केली. स्वतः थोर कवि असून त्यांनीं तींत आपली ओंवी घातली नाहीं, व इतरांनींही घालूं नये अशी ताकीद दिली. ग्रंथ आणि खेळ यांची तुलना आम्ही करीत नाहीं, वृत्तीची करतों. परक्या हातून आलेला वारसा असो कीं स्वतःच निर्मिलेला, तो पुढच्यांच्या स्वाधीन करतांना संपादकाचा धर्म एकच: शुद्ध करावें, नाहीं तर हात लावूं नये. हा धर्म कंपन्यांस ग्राहकांवांचून दुसरें कोणी शिकविणार नाहीं. तेव्हां जुन्या नांवाच्या मोहानें थैली सोडण्यापूर्वीं ‘यांत राखलें काय आणि वाढविलें काय?’ एवढे दोन प्रश्न प्रत्येक गृहस्थानें विचारावे. दोहोंचें उत्तर ‘कांहीं नाहीं’ असें आल्यास थैली तशीच बांधून ठेवावी.